आठ दिवस थोरल्याचं, आठ दिवस धाकट्याचं

दिनांक १६ फेब्रुवारी २००५

मी, सौ. अक्षता प्रसेनजीत कुरणे, वय ३१ वर्षे, शिक्षण कॉम्प्युटर डिप्लोमा, धंदा कॉम्प्युटर व इंटरनेटचे दुकान, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. आज रोजी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर माझे सासरे केरबा कुरणे, वय ६४, यांच्यासह राहते. माझे पती प्रसेनजीत हे सरकारी नोकरीत असून गेल्या जूनमध्ये त्यांची नांदेडला बदली झाली. मुलगी साक्षी त्यांच्यासोबत गेली, तिथेच दुसरीत शिकते. मी एकटी कोल्हापुरात मागे का राहिले, असे हवालदारांनी विचारले. तीच तर माझी तक्रार आहे. क्रमाने सांगते, मध्ये तोडू नये.

माझे सासरे शिरोली एमआयडीसीत इंगवले यांच्या फाउंड्रीत मोल्डर होते, आता रिटायर आहेत. या फाउंड्रीत 'आकाबळ' नावाचे पाण्याचे पंप होतात. मूळ मालक आकाराम इंगवले, राहणार शिये, हे आता मयत आहेत. त्यांना दोन मुलगे. थोरले जोतीराम, यांना सगळे आण्णा म्हणतात, आणि धाकटे विश्वजित. माझी तक्रार या दोघांविरुद्ध आहे. त्या दोघांनीही माझ्याविरुद्ध तक्रार दिली असून सध्या ते ठाण्याच्या व्हरांड्यातील बाकावर बसले आहेत. त्यांचा आवाज इथवर येतो आहे, तो लिहून घेण्याची गरज नाही.

सन १९९९ मध्ये आकाराम इंगवले माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "पोरी, मुंबईचा व्यापारी इचारतोय, तुमचं इंटरनेट कुठं हाय म्हणून. आपल्याकडं हाय का न्हाय ते मला काय म्हाईत? तूच बघ." मी त्यांना 'आकाबळ डॉट कॉम' हे नाव घेऊन दिले. नोंदणी करताना माणसाचे नाव आणि ई-मेलचा पत्ता लागतो. त्यांचा असा पत्ता नव्हता. म्हणून मी माझे नाव आणि माझा पत्ता घातला. तेव्हा सगळे दुकानदार असेच करत होते. आकाराम म्हणाले, "घाल की, तू काय परकी हाईस?"

इंटरनेटवरचे नाव म्हणजे काय, असे विचारल्यावरून सांगते. दुकानावर पाटी असते तशी ती जगभर दिसणारी पाटी. त्या नावावर लोक माल बघतात, त्याच नावावर ई-मेल येतात. नाव एकाच्याच खाती बसते, आणि ज्याच्याकडे पासवर्ड तो मालक. नावाचा शेवटचा तुकडा वेगवेगळा असू शकतो. डॉट कॉम जुना. डॉट इन्फो नंतर आला. डॉट इन आपल्या देशाचा, तो आता सगळ्यांना खुला झाला. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात, तसे हे. आकाबळ डॉट कॉम एकाचे आणि आकाबळ डॉट इन दुसऱ्याचे असू शकते. हवालदार म्हणाले, म्हणजे नाव एक आणि सातबारे तीन. मी म्हणाले, अगदी बरोबर, आणि भांडणंही तशीच.

२००१ च्या अखेरीस आकाराम वारले. पुढच्या वर्षी भावाभावांत वाटणी झाली. भट्टी आण्णांना, मशीन शॉप विश्वजित यांना. 'आकाबळ' या नावाचा ट्रेडमार्क आहे, तो आकारामांच्या नावावर होता. तो सामाईक ठेवला. एकानं आपल्या नावावर करायला काढला की दुसरा आडवा येणार, म्हणून तो आजही मयत माणसाच्याच नावावर आहे. दोन शेडच्या मधली ऑफिसची खोली सामाईक ठेवली. तिच्या दाराला दोन कड्या बसवून दोन कुलपे लावली, एक आण्णांचे, एक विश्वजित यांचे. दोघांची माणसे आली की दार उघडते. शियेच्या मळ्यातल्या विहिरीच्या मोटारीच्या पेटीलाही अशीच दोन कुलपे आहेत. पाणी आठ दिवस थोरल्याचं, आठ दिवस धाकट्याचं.

वाटणीला बसलेल्या पंचांत एकानेही इंटरनेट डोळ्याने बघितलेले नव्हते. तरी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. आण्णांच्या वाट्याला डॉट कॉम आले आणि विश्वजित यांच्या वाट्याला डॉट इन्फो. ते तेव्हा नवीनच होते, सहज मिळाले. मी विश्वजित यांना ते घेऊन दिले. महिनाभरात ते दुकानात येऊन माझ्या टेबलावर हात आपटून ओरडू लागले. त्यांनी कुठेही आपला नवा ई-मेल पत्ता भरला की समोरचा कॉम्प्युटर 'पत्ता चुकीचा आहे' म्हणून तो परत करायचा. बँकेचं इंटरनेटवरचं पान घेईना, परदेशी गिऱ्हाइकाचं पान घेईना. मी समजावलं की ही पानं लिहिली तेव्हा कॉम, नेट असे शेवटचे तुकडे तीन इंग्रजी अक्षरांचे असायचे, त्यामुळे चार अक्षरं दिसली की ती पानं नाकारतात. चूक पानं लिहिणाऱ्यांची आहे. विश्वजित म्हणाले, "ते जगाला जाऊन सांगा. आण्णाच्या दावणीला दुभती म्हस, आन् माझ्या गळ्यात भाकड बांधली तुम्ही!" चिठ्ठी मी टाकली नव्हती. पण आरडाओरडा मीच ऐकला.

मग दोघांची आई बयाबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "हिरीचं पाणी वाटून घेतायसा न्हवं? मग नावाचं बी तसंच करा की. आठ दिस ह्याचं, आठ दिस त्याचं." सगळ्यांना हे फार पटले. मला हसू आले. असं कुठं असतं, असं मी म्हटलंही. पण कॉम्प्युटरमध्ये ते करता येतं, हे मीच बोलून गेले. झालं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी शिरोलीला जाते. सामाईक ऑफिस दोन किल्ल्यांनी उघडले जाते. मी आकाबळ डॉट कॉम हे नाव थोरल्याच्या कॉम्प्युटरवरून धाकट्याच्या कॉम्प्युटरकडे वळवते, पुढच्या सोमवारी उलटे. नाव कोणा एकाच्या हाती द्यायला दुसरा तयार नाही, म्हणून ते माझ्याच खाती राहिले.

हे काम नांदेडहून होऊ शकत नाही का, असे विचारल्यावरून सांगते. होऊ शकते. नांदेडहून काय, लंडनहूनही होते. दोन मिनिटांचे काम आहे. पण विहिरीची पाळी बदलताना दोन्हीकडचा माणूस पेटीसमोर उभा असतो, तसाच इथे पाहिजे, असा दोघांचा हट्ट. अक्षतानं समोर बसून, आमच्या डोळ्यांदेखत वळवायचं. न दिसणाऱ्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. जूनपासून मी शनिवारच्या रात्री नांदेडची गाडी पकडते, रविवारी दुपारी पोरीला जेवू घालते आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत बसते. साक्षी आता मला सोडायला स्टँडवर येत नाही. आधी यायची.

नाव वळवले तरी ते लगेच सगळीकडे वळत नाही. ठिकठिकाणचे कॉम्प्युटर जुना रस्ता दिवस-दोन दिवस लक्षात ठेवतात. पाट बंद केला तरी मागचं पाणी थोडा वेळ सरीत येतच राहतं, तसं हे आहे, असे मी दोघांना शंभरदा सांगितले. विहिरीचं त्यांना समजतं, याचं समजत नाही. दिवाळीच्या सुमाराला बाहेर देशातून पंपांची एक मोठी चौकशी आली. पाळी विश्वजित यांची सुरू झाली होती, पण मेल आण्णांच्या कॉम्प्युटरवर जाऊन पडला. आण्णांनी लगोलग उत्तर दिले. विश्वजित यांनी माझ्या दुकानासमोर, रस्त्यावर, गिऱ्हाइकांदेखत मला चोर म्हटले. पुढच्या महिन्यात असाच एक मेल उलटा गेला, तेव्हा आण्णांनी म्हटले. चोर म्हणण्यात मात्र त्यांनी पाळी बरोबर सांभाळली.

मग सोडून का दिले नाही, असे विचारल्यावरून सांगते. एकाला पासवर्ड दिला तर दुसरा माझ्यावर केस करणार. नाव वाऱ्यावर सोडले तर तिसराच उचलणार आणि कारखान्याचा धंदा बुडणार. आणि त्याहून मोठं म्हणजे माझे सासरे. ही पाळी पक्की करायला शियेला बैठक बसली, तिला ते हजर होते. इंगवल्यांनी त्यांना विचारले, "केरबा, तुजी सून हे नीट सांभाळंल न्हवं?" आणि मामंजींनी सगळ्यांसमोर शब्द दिला. मला विचारले नाही. घरी येऊन सांगितले. मी कितीदा म्हटलं, मामंजी, मला यातून सोडवा, मला माझ्या पोरीकडं जाऊ द्या. ते खाली मान घालून म्हणायचे, "माजा शब्द गेलाय, अक्षता."

त्या विहिरीबद्दल एक सांगायचे आहे. माझ्या आजेसासू सोनूबाई शियेच्याच. त्यांना त्या विहिरीला शिवायची मुभा नव्हती. लांब घागर ठेवून बसायचं, कुणाला वाटलं तर तो वरून ओतणार. त्यांच्या नातसुनेच्या हातात आता इंगवल्यांच्या नावाची पाळी आली, याचा मामंजींना आतून फार अभिमान. तो मला कळतो. पण मला तसा काही अभिमान वाटला नाही. त्यांना लांब बसवलं, मला जवळ बांधलं, एवढाच फरक वाटला. हे प्रकरणात येत नाही, असे हवालदार म्हणाले. मी येतं म्हणाले, तेव्हा त्यांनी लिहिले.

आता आजचे. डॉट इन हा तुकडा जानेवारीत आधी ट्रेडमार्कवाल्यांना खुला केला होता. दोघा भावांनी एकमेकांना न सांगता, दोन वेगवेगळ्या एजंटांकडून, बापाच्या त्याच एका ट्रेडमार्कच्या झेरॉक्सवर अर्ज केले. दोघांचेही परत आले. ट्रेडमार्क ज्याच्या नावावर तो माणूस मयत, आणि हक्क सांगणारे दोन, मग दुसरं काय होणार? आजपासून ते कुणालाही खुले झाले, जो आधी येईल त्याचे. काल संध्याकाळी आण्णांचा फोन आला, "उद्या सकाळी गुपचूप ये आन् ते डॉट इन माझ्या नावावर चढीव. इश्वजितला कळाय नगं." तो ठेवला आणि विश्वजित यांचा आला. शब्दाला शब्द तेच, फक्त नाव आण्णांचे. मी दोघांनाही सांगितले की मी उद्या सकाळी ऑफिसला येते, दोघंही समोर असतील तरच कॉम्प्युटरला हात लावीन. आणि माझंही एक सांगायचं आहे, तेही उद्याच.

त्याप्रमाणे मी आज अकराच्या सुमारास शिरोलीला गेले. दोघे आले. दार दोन किल्ल्यांनी उघडले. कॉम्प्युटर सुरू करण्याआधीच डॉट इन कोणाच्या नावावर यावरून दोघांची जुंपली. अर्धा पाऊण तास बाप काढून झाला, जो दोघांचा एकच होता. शेवटी आण्णा म्हणाले, "जाऊ दे तिकडं. पयल्यासारखं अक्षताच्याच नावावर घ्या." विश्वजित लगेच म्हणाले, "व्हय, हे बेस हाय." इतक्या वर्षांत दोघांचं एवढ्या पटकन एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "आण्णा, एक धोंडा गळ्यात आहे तो काढायला मी आले आहे, दुसरा बांधून घ्यायला नव्हे. मी आज रात्रीच्या गाडीने नांदेडला चालले, कायमची. डॉट कॉम कुणाला द्यायचं ते आत्ता दोघांनी ठरवा आणि मला सोडा." मी हात जोडले होते. आण्णा म्हणाले, "आगं बस की जरा. आमी भायेर बोलून येतो." दोघे बाहेर गेले. दार ओढले. आधी एक कुलूप लागल्याचा आवाज आला, मग दुसरे.

आण्णांनी कुलूप लावले ते मी निघून जाऊ नये म्हणून. हे त्यांनी स्वतः कबूल केले आहे. विश्वजित यांनी आपले कुलूप लावले ते आण्णांनी एकट्याने आत येऊन मला फितवू नये म्हणून. त्यानंतर विश्वजित वकिलाला विचारायला सांगलीला निघून गेले. किल्ली त्यांच्या खिशात.

थोड्या वेळाने आण्णांनी आपले कुलूप काढले. दुसरे होतेच. त्यांनी विश्वजित यांचा मोबाईल लावला, तो बंद. मी खिडकीतून म्हटलं, कुलूप तोडा. ते म्हणाले, "त्याचं कुलूप मी तोडलं तर उद्या तो पोलिसात जाईल, सामाईक खोली फोडली म्हणून. तुला ठावं न्हाय त्यो कसा हाय." माणूस आत कोंडलंय याची काळजी नाही, कुलपाची आहे! मी त्यांना काय काय बोलले ते हवालदारांनी सौम्य करून लिहावे, त्याला माझी हरकत नाही. मी शिव्या दिल्या.

आत कॉम्प्युटर होता. मी बसल्या बसल्या आकाबळ डॉट इन बघितले. ते आज सकाळीच, मी शिरोलीला पोचण्याच्याही आधी, परराज्यातल्या कुठल्याशा कंपनीने घेतलेले होते. कुणी घेतले, कधी घेतले हे इंटरनेटवर कुणालाही बघता येते. त्या पानावर 'हे नाव विकणे आहे' असेही लागलेले होते. दोघं भाऊ ज्याच्यासाठी भांडत होते ते तेव्हाच गेलेले होते. मी गजातून ओरडून सांगितले, "आण्णा, नाव गेलं! तिसऱ्यानंच नेलं!" ते म्हणाले, "थापा नगं मारूस." मग त्यांनी मला गजातून चहा दिला. मी घेतला नाही. त्या खोलीला बाथरूम नाही. दुपारपासून दिवस कलेपर्यंत लघवीला जाण्याची सोय नव्हती, आणि खिडकीबाहेर कारखान्याचे पुरुष कामगार येऊन जाऊन बघत होते. हे लिहायला हवालदार संकोचतात, पण हे लिहा. पहिलं हेच लिहायला पाहिजे होतं.

माझ्याकडे मोबाईल नाही. ऑफिसच्या फोनवरून मी घरी फोन केला. मामंजी दोन बस बदलून आले. त्यांनी कुलूप हातात घेऊन बघितले. साधेच कुलूप होते. ज्या माणसाने उभा जन्म भट्टीवर घण-पहारीशी काढला, त्याला ते एका घावाचे काम. पहार शेजारीच भिंतीला टेकवलेली होती, मला खिडकीतून दिसत होती. मी म्हटलं, "मामंजी, तोडा." ते म्हणाले, "कुलूप इश्वजितमालकांचं हाय, बाळ. मी कसं तोडू?" मी म्हटलं, "आणि मी कुणाची आहे?" ते दाराला पाठ लावून खाली बसले. मी आतून दाराला पाठ लावून बसले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला त्यांचा राग आला होता, आणि ते रडत होते म्हणून त्याहून जास्त स्वतःचा आला.

दिवस मावळायच्या सुमारास विश्वजित आले आणि त्यांनी कुलूप काढले. आत येऊन त्यांनी कॉम्प्युटरवर ते पान बघितले आणि म्हणाले, "बघा आण्णा! हिनंच आत बसून इकलं! कोंडलं म्हणून सूड उगवला!" पाच मिनिटांपूर्वीपर्यंत मला फितवू नये म्हणून ज्यांना बाहेर ठेवले होते, त्या आण्णांनाही ते लगेच पटले. नाव सकाळी गेल्याची वेळ त्याच पानावर लिहिलेली आहे, हे मी बोट ठेवून दाखवले. कुणी बघितले नाही. मी आधी शेजारच्या शेडमध्ये बाथरूमला गेले आणि मग म्हणाले, आता मी चौकीत जाते. ते म्हणाले, आम्हीच जातो. दोघे एका गाडीत बसून आले. वाटणी झाल्यापासून ते एका गाडीत बसलेले कुणी बघितले नव्हते, असे मामंजी म्हणाले. मी मामंजींना स्कूटीवर मागे बसवून आले.

फौजदारसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. नाव सकाळी गेल्याची वेळ त्यांनी ठाण्याच्या कॉम्प्युटरवर स्वतः बघितली आणि दोघांना दाखवली. दोघे खाली बघू लागले. साहेब म्हणाले, घरातल्या घरात मिटवा. दोघे भाऊ व्हरांड्यात गेले, चहा मागवला आणि परत येऊन म्हणाले, मिटलं. काय मिटलं, तर असे. ते माझ्यावरची तक्रार मागे घेणार. मी त्यांच्यावरची मागे घ्यायची. डॉट कॉम माझ्याकडेच ठेवायचे, सोमवारची पाळी आहे तशी चालवायची. आणि डॉट इनचा कारभार दिल्लीहून चालतो, तिथे त्या परराज्यातल्या कंपनीशी जे भांडायचे, तेही मीच माझ्या नावाने भांडायचे, कारण ट्रेडमार्क कुणाच्या नावावर करायचा हे त्यांचे अजून ठरलेले नाही. आण्णा म्हणाले, "अक्षता काय परकी हाय का सायेब? घरचीच हाय." साहेबांनी मला विचारले, जमेल ना?

मी उत्तर देण्याआधी आण्णा मामंजींकडे वळून म्हणाले, "केरबा, सांग की सुनंला. तू शब्द दिलाईस."

माझे सासरे तोवर कोपऱ्यात उभे होते. कुणी त्यांना बसा म्हटले नव्हते. ते पुढे आले, साहेबांच्या टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि बसले. आण्णांसमोर त्यांना खुर्चीवर बसलेले मी लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदा बघितले. ते म्हणाले, "शब्द म्या दिल्ता, आण्णा. तिनं न्हाई. माजी सून तुमी दिसभर कोंडली आन् मी तुमच्या कुलपाला जपत भायेर बसलो. माजा शब्द मी माघारी घेतो. सायेब, लिवा हे. आन् माजं नाव बी लिवा खाली, केरबा सोनूबाई कुरणे." वडिलांचे नाव विचारले असता, आईचेच लिहा म्हणाले.

त्यानंतर मी साहेबांना म्हणाले की मला आकाबळ डॉट कॉम हे नाव आत्ता इथे पोलिसांच्या ताब्यात द्यायचे आहे. ते म्हणाले, वस्तू असेल तर पंचनामा करून जमा करता येते, हे कसे जमा करायचे? मी म्हणाले, मग जमा करत नाही, सांगून टाकते. आणि मी दोघा भावांकडे तोंड करून, ठाण्यात हजर असलेल्या सगळ्यांसमोर, पासवर्ड मोठ्याने सांगितला. एकेक अक्षर सुटे करून दोनदा सांगितला. नाव कुठल्या कंपनीकडे नोंदलेले आहे आणि माझ्याऐवजी दुसऱ्याचे नाव तिथे कसे घालायचे, हेही सांगितले. हवालदारांनी तो पासवर्ड या जबाबात लिहिला होता, साहेबांनी खोडायला सांगितला. खोडल्या जागी माझी सही आहे.

दोघांनीही तो ऐकला आहे. दोघांनीही हातावर लिहून घेतला आहे. आता जो आधी कॉम्प्युटरपर्यंत पोचेल, त्याचे नाव. मला वाटले होते, दोघे धावत सुटतील. पण एक उठला की दुसरा त्याचा दंड धरतो. विश्वजित पाणी प्यायला उठले तर आण्णा मागोमाग गेले. आण्णांना घरून फोन आला तर तो घ्यायला विश्वजित बाहेर जाऊ देईनात. आता दोघे बाकावर एकमेकांना खेटून बसले आहेत आणि मला हाका मारत आहेत, "अक्षता, आगं पोरी, पासवर्ड बदल की, तुझ्याकडंच ठेव." मी बदलणार नाही.

मला दिवसभर कोंडून ठेवल्याबद्दल जोतीराम आकाराम इंगवले व विश्वजित आकाराम इंगवले यांच्याविरुद्ध माझी कायदेशीर तक्रार आहे. ती मी मागे घेत नाही. यापुढे माझा पत्ता प्रसेनजीत कुरणे यांच्या घरचा, नांदेड, असा धरावा. सासरे माझ्यासोबत येत आहेत.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. शेवटी 'माझी कुणाबद्दल तक्रार नाही' असे एक वाक्य आपोआप आलेले होते. हवालदार म्हणाले, ते सवयीने लिहिले गेले. मी ते माझ्या हाताने खोडले आहे आणि मगच सही केली आहे.

सही
अक्षता प्रसेनजीत कुरणे

समक्ष
केरबा सोनूबाई कुरणे